क्वाड नाही, मग मी संपलो का?

पत्र:

सर, मी एकोणीस वर्षांचा आहे. सातव्या वर्षापासून फिगर स्केटिंग करतो, पुरुष एकेरी. ज्युनियर गटात बरा होतो, दोनदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. आता वयामुळे ज्युनियर संपलं आणि येत्या हंगामापासून थेट सीनियर. माझ्याकडे ट्रिपल ॲक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) आहे, पण भरवशाचा नाही. दोन वर्षांत पाच इंच उंची वाढली तेव्हा गेला तो पूर्ण परत आलाच नाही. क्वाड टो-लूप, म्हणजे चार गिरक्यांची उडी, दीड वर्ष करतोय. हार्नेसमध्ये (अंगाला बांधलेल्या दोरीच्या आधाराने) होतो, एकट्याने मारला की पडतो. गेल्या स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, ॲक्सल हवेतच उघडला, सिंगल झाला. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, क्वाडवर पडलो आणि पुढच्या दोन उड्याही घालवल्या. शेवटून तिसरा आलो. तेव्हापासून रिंकवर पाऊल टाकायची इच्छा होत नाही. नडगी दुखते, पण ती सगळ्यांचीच दुखते. बूटही दोन हंगाम जुने झालेत, बाबांकडे नवे मागायचा धीर होत नाही. बाबा म्हणतात, बारा वर्षं दिली, आता पुरे. नातेवाइकांचं वेगळंच: मुलगा असून चमचमते कपडे घालून नाचतो. माझ्या वयाची मुलं एका प्रोग्रॅममध्ये पाच-पाच क्वाड मारतात. मी सोडून द्यावं का? आणि सोडलं तर मी आहे तरी कोण?

उत्तर:

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात क्वाड दिसला. दुसऱ्या वाचनात नडगी आणि बूट दिसले, जे तू जाता जाता एकेका वाक्यात उरकलेस. मी तिथूनच सुरुवात करतो.

‘ती सगळ्यांचीच दुखते’ हे वाक्य मी रिंकच्या कठड्याला टेकून इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की माझ्याच नडगीत कळ येते. तू एका पायावर, पातळ पोलादी पात्यावर उतरतोस आणि त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायातून जातो. हे दिवसातून पन्नास वेळा, आठवड्यातून सहा दिवस. हाडाला सावरायला वेळ मिळाला नाही की त्यात बारीक तडा जायला लागतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेमध्ये दिसतोच असं नाही. दुखणं उडीनंतर असेल आणि रात्रीपर्यंत ओसरत असेल तर एक गोष्ट. बोटाने दाबल्यावर नेमक्या एका ठिकाणी कळ येत असेल, किंवा चालतानाही दुखत असेल, तर अजिबात वेळ घालवू नकोस. खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जा आणि त्यांनी होकार देईपर्यंत एकही उडी मारू नकोस. अर्धवट सांगू नकोस त्यांना. आपण स्केटर लोक डॉक्टरांशी परीक्षकांसारखं वागतो, त्यांना फक्त चांगलं तेवढं दाखवतो.

तुला जपानच्या हान्यूची गोष्ट आठवत असेल. नोव्हेंबर 2017 मध्ये सरावात घोटा दुखावला, आणि तो थेट फेब्रुवारीत ऑलिम्पिकला उतरून सुवर्ण घेऊन गेला. ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. त्याच्या आधीच्या ऑलिम्पिकमध्ये, 2014 ला सोचीत, रशियाचा प्लुशेन्को स्वतःच्या देशातल्या प्रेक्षकांसमोर सरावासाठी बर्फावर आला, पाठ धरली, पंचांकडे गेला आणि शॉर्ट प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच माघार घेऊन निघून गेला. ही गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही.

आता सोडायचं की नाही. आज ठरवू नकोस. मी बाविसाव्या वर्षी, एका भिकार स्पर्धेनंतर, त्याच रात्री बूट एका धाकट्या मुलाला देऊन टाकले होते. अगदी समारंभपूर्वक, भाषणासकट. सात आठवड्यांनी मी दुसऱ्याच्या उसन्या बुटांत रिंकवर उभा होतो आणि पायाला फोड आले होते. पुढे दोन वर्षांनी मी खरोखर थांबलो, तेव्हा भाषण वगैरे काही नव्हतं. हंगाम संपला होता, पदवीचा अभ्यास डोक्यावर होता, आणि एका सकाळी लक्षात आलं की मला धाकट्यांच्या उड्या बघायला स्वतः मारण्यापेक्षा जास्त मजा येतेय. पडण्याच्या संतापात सोडलं की माणूस परत येतो, बहुधा वाईट बुटांत.

चल, आता गुणांचा हिशेब करू. तुझं गुणपत्रक मी पाहिलेलं नाही, पण तू लिहिलंस त्यावरून बरंच कळतं.

क्वाड टो-लूपचे मूळ गुण 9.5. ट्रिपल टो-लूपचे 4.2. म्हणजे क्वाड आला तर 5.3 गुण वर, आणि याच आकड्याने तुझी झोप उडवली आहे. आता पडलास तर काय होतं ते बघ. चारही गिरक्या पूर्ण करून पडलास, तर दर्जाचे उणे पाच (दर्जाचा एकेक गुण म्हणजे मूळ गुणांचा दहावा भाग), म्हणजे मूळ गुणांतले अर्धे गेले: 4.75. पडल्याबद्दल आणखी एक गुण कापला. हातात उरले 3.75. साध्या, स्वच्छ ट्रिपल टो-लूपपेक्षा कमी. आणि एकट्याने मारलेला नवा क्वाड सहसा पूर्ण फिरलेलाच नसतो. पाव गिरकीपेक्षा जास्त कमी पडली की मूळ गुणच 7.6 वर येतात आणि पडण्याचं सगळं धरून हाती 2.8 राहतात. त्यापुढच्या दोन उड्या तू धसक्याने घालवल्यास, ते या हिशेबात धरलेलंच नाही. तो पहिला क्वाड तुला खरोखर किती महाग पडला ते गुणपत्रकात त्या तीन ओळींची बेरीज करून बघ.

याउलट, ट्रिपल ॲक्सल. मूळ गुण 8.0. तो स्वच्छ उतरला आणि परीक्षकांनी दर्जाचे सरासरी अधिक दोन दिले, तर 9.6 होतात. म्हणजे कसाबसा उतरवलेल्या क्वाड टो-लूपपेक्षा चांगला ॲक्सल वरचढ. आणि शॉर्टमध्ये तुझा ॲक्सल सिंगल झाला तेव्हा शून्य मिळाला असेल, कारण तिथे किमान डबल ॲक्सल लागतो. क्वाडच्या मागे लागून तू दीड वर्ष ॲक्सलची उधारी थकवली आहेस.

आणि हे मला सगळ्यात आवडणारं गणित आहे, कारण मुलं कधीच करत नाहीत. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य या तीन घटकांचे गुण पुरुषांसाठी शॉर्टमध्ये 1.67 ने आणि फ्रीमध्ये 3.33 ने गुणले जातात. तिन्ही घटकांत तू फक्त अर्धा-अर्धा गुण वर गेलास, तर शॉर्टमध्ये अडीच आणि फ्रीमध्ये पाच, मिळून साडेसात गुण वाढतात. क्वाड टो-लूप आणि ट्रिपलमधल्या फरकापेक्षा जास्त. त्यासाठी पडावं लागत नाही. खोल एजवर, म्हणजे पात्याच्या कडेवर झुकून, उभं राहायला शिकावं लागतं, गुडघा मऊ ठेवून वेग न गमावता वळावं लागतं, संगीत ऐकावं लागतं. स्टेप सिक्वेन्स (पावलांची सलग मालिका) काठिण्याच्या दुसऱ्या लेव्हलवरून चौथ्यावर नेलीस तर 2.6 चे 3.9 होतात, ते वेगळेच. कंटाळवाणं काम आहे, व्हिडिओ काढून कुणाला पाठवण्यासारखं काही नसतं त्यात. म्हणूनच तुझ्या वयाची मुलं ते करत नाहीत आणि म्हणूनच तिथे जागा रिकामी आहे.

उंचीचं तू एका ओळीत उरकलंस, पण ॲक्सल तिथेच हरवला. पाच इंच उंची वाढली की हातपाय लांबतात, वस्तुमान आसापासून दूर जातं, आणि तेवढ्याच जोराने उडून तू पूर्वीपेक्षा हळू फिरतोस. हवेत वेळ मात्र तेवढाच, सेकंदाच्या पाऊण भागापेक्षाही कमी. तुझ्या मेंदूकडे अजून जुन्या शरीराचं वेळापत्रक आहे, म्हणून तो ‘आता उघड’ असं चुकीच्या क्षणी सांगतो. याला तू भीती समजतोस. थोडी भीती असेलही, पण बरंचसं नुसतं चुकलेलं घड्याळ आहे. पोट, पाठ आणि मांड्यांची ताकद नव्या उंचीला पुरेल इतकी वाढली, जमिनीवर गिरकीची पकड घट्ट झाली, की उडी परत येते. मुलग्यांना ही एक सवलत आहे: वाढीचा गोंधळ सरला की स्नायू भरतात आणि विशीत जोर वाढतो. तुझ्या बाबतीत ते अजून व्हायचंय.

आता कटू भाग. क्वाडशिवाय जागतिक व्यासपीठावर पदक मिळत नाही, हे मी लपवणार नाही. 2010 साली अमेरिकेच्या लायसाचेकने एकही क्वाड न मारता ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, क्वाड मारणाऱ्या प्लुशेन्कोला 1.31 गुणांनी मागे टाकून. ते युग गेलं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मालिनिनने स्पर्धेत क्वाड ॲक्सल उतरवला, ज्याचे मूळ गुण 12.5 आहेत. पण त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा जेसन ब्राउन एकाही क्वाडशिवाय सहावा आला. सहावा! त्याच स्पर्धेत मेक्सिकोचा डोनोव्हन कॅरिलो बाविसावा आला. शॉर्टनंतर फक्त चोवीस जण फ्रीला जातात, आणि ऑलिम्पिकमध्ये तिथवर पोचलेला तो त्याच्या देशाचा पहिला स्केटर होता. मॉलमधल्या रिंकवर सराव करून गेला होता तो. त्याला कुणी जाऊन विचारावं, बाविसावा म्हणजे शेवटून तिसरा का?

आणि ज्यांच्याकडे पाच-पाच क्वाड आहेत त्यांचंही बघ. 2018 च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन शॉर्टमध्ये उड्यांवर उड्या घालवून सतरावा होता. फ्रीमध्ये सहा क्वाड घेऊन उतरला, फ्रीचे सगळ्यात जास्त गुण मिळवले, आणि एकूणात पाचवा आला. त्यानंतर त्याने जे केलं ते तुझ्या शेवटच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे: तो येल विद्यापीठात शिकायला गेला, प्रशिक्षक देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी असताना 2019 चं जगज्जेतेपद राखलं. 2022 ला ऑलिम्पिक सुवर्ण. ‘मी कोण’ याचं उत्तर त्याने एकाच ठिकाणी ठेवलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळे त्याचे पाय जरा मोकळे झाले. तू शिक्षणाबद्दल पत्रात एक शब्दही लिहिला नाहीस. ते काही कारणाने राहिलं असेल तर एक तरी विषय, एक तरी वर्ग पुन्हा सुरू कर. सकाळी ॲक्सल गेला तरी दुपारी तुझी कुठेतरी वाट बघितली जाते, हे माहीत असलेला मुलगा वेगळा उडतो.

नातेवाइकांवर मी फार शाई घालवणार नाही, पण थोडी घालवतोच, कारण मला त्यात आनंद आहे. पहिली जागतिक स्पर्धा 1896 ची, सेंट पीटर्सबर्गची. चार स्पर्धक, चारही पुरुष. बायकांनी उतरू नये असं नियमात लिहिलेलंही नव्हतं, कारण कुणाच्या मनातच आलं नव्हतं. 1902 मध्ये मॅज सायर्स नावाच्या बाईंनी ती फट पाहून पुरुषांच्या स्पर्धेत नाव दिलं आणि थेट दुसऱ्या आल्या. पहिला होता सॅल्कोव, तुझ्या सॅल्कोव उडीवाला, दहा वेळचा जगज्जेता. मग घाईघाईने बायकांना बंदी झाली, आणि त्यांची वेगळी स्पर्धा 1906 ला सुरू झाली. ‘बायकी खेळ’ म्हणणाऱ्यांना हे सांगून काही फरक पडतो का? नाही. पण गप्प बसताना आतून हसता येतं.

ब्रिटनच्या जॉन करीचं नाव मात्र लक्षात ठेव. त्याला लहानपणी बॅले शिकायचं होतं, वडिलांनी नाही म्हटलं. स्केटिंग हा खेळ आहे म्हणून सातव्या वर्षी परवानगी मिळाली. तूही सातव्या वर्षीच सुरू केलंस ना? करीने बर्फावर जे केलं त्याला पुरुषासारखं नाही म्हणून नावं ठेवली गेली, आणि 1976 मध्ये तो एकाच मोसमात युरोपीय, ऑलिम्पिक आणि जागतिक विजेता झाला. त्याचं जुनं चित्रण मिळालं तर उड्या सोडून बाकीचं बघ. वेग कुठून येतो ते शोध, कारण करी पाय आपटताना दिसणारच नाही.

एकेरी हीच एक वाट नाही, हे तुला कुणी सांगितलंय का? आइस डान्स (जोडीने बर्फावरचं नृत्य) आणि पेअर्समध्ये (जोडीने उड्या आणि उचलणं) मुलगे नेहमीच कमी पडतात. चांगली स्केटिंग करणारा, उंच, विशीतला मुलगा म्हणजे तिथे शोधून सापडत नाही. जी पाच इंचं तुला शत्रू वाटतात ती तिथे भांडवल आहेत. जोडीतल्या मुलग्यांना ज्युनियर गटातही एकेरीपेक्षा जास्त वर्षं मिळतात, नियमावली बघून घे. जपानचा दाइसुके ताकाहाशी एकेरीतला 2010 चा ऑलिम्पिक कांस्यपदक विजेता आणि त्याच वर्षीचा जगज्जेता. 2014 ला निवृत्त झाला, 2018 ला बत्तिशीत परतला, आणि मग चक्क आइस डान्सला गेला. 2022 मध्ये जोडीदार काना मुरामोतोबरोबर ‘फोर कॉन्टिनेंट्स’ स्पर्धेत रौप्य मिळवलं. पेअर्सचं मात्र तोंड भरून कौतुक करत नाही; दुसऱ्या माणसाला डोक्यावर उचलून बर्फावर पळायचं म्हणजे खांदे आणि पाठ दोन्ही धडधाकट लागतात, आणि चूक झाली तर पडणारा तू नसतोस. आधी नडगी.

स्पर्धेनंतरचंही थोडं सांगतो, कारण ‘सोडलं तर मी कोण’ असं तू विचारलंस. हान्यूने 2022 च्या जुलैमध्ये स्पर्धा सोडली, आणि पुढच्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये एकट्याच्या कार्यक्रमाला पस्तीस हजार लोक आले. पण ते हान्यूचं झालं, तुझं-माझं नाही. आपल्यासारख्यांसाठी रोजची कामं आहेत: शिकवणं, प्रोग्रॅम बसवणं, शोमध्ये स्केटिंग करणं, स्पर्धेच्या तांत्रिक मंडळात बसून उड्या नि लेव्हल ओळखणं. स्वित्झर्लंडचा लाम्बिएल दोनदा जगज्जेता होता. 2022 आणि 2023 ला जपानच्या शोमा ऊनोने जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा तो प्रशिक्षक म्हणून शेजारी बसला होता. आणि मी? मी आठवड्यातले पाच दिवस सहा वर्षांच्या मुलांना पडायचं कसं ते शिकवतो. पोट भरतं. अधूनमधून या सदरातली पत्रं वाचतो.

मग करायचं काय? डॉक्टरांचा होकार आला की एक हंगाम दे. एकच, आणि त्याची शेवटची तारीख आज कॅलेंडरवर लिही. त्या हंगामात क्वाड प्रोग्रॅममध्ये नको. हार्नेसमध्ये आठवड्यातून दोनदा, मोजून, दमायच्या आधी थांबून. एकट्याने मारलेले दहापैकी सहा पायावर उतरायला लागले की मग प्रशिक्षकांशी बोल. हे सहा माझे, कुठल्या पुस्तकातले नाहीत. तुझे प्रशिक्षक सात म्हणाले तर त्यांचं ऐक. उरलेला वेळ ॲक्सलला आणि एजला. आइस डान्सच्या प्रशिक्षकाकडे महिनाभर जा, जोडीदार नसली तरी. तुझ्या एकेरीच्या घटकांचे गुण तिथूनच वाढतील. तारीख आली की पदकं मोजू नकोस. ॲक्सल किती वेळा उतरला, घटकांचे गुण सरासरी किती सरकले, आणि सकाळी रिंकवर जाताना पोटात काय होतं, एवढंच बघून ठरव. त्या दिवशी ‘पुरे’ असं उत्तर आलं तर तेही मला कळव, मी वाद घालणार नाही.

राहता राहिले बाबा. बारा वर्षं पहाटे उठून तुला रिंकवर सोडणारा माणूस ‘आता पुरे’ म्हणतो तेव्हा त्याला तुझा राग आलेला नसतो बहुतेक. त्याला शेवट दिसत नसतो. त्याला ती तारीख दाखव. गुणपत्रक घेऊन बस, वर केला तो हिशेब त्याच्यासमोर कर. पैसे मोजणाऱ्या माणसाला आकडे कळतात, स्वप्नं ऐकून ऐकून त्याचे कान किटलेले असतात.

पण त्याआधी, आज संध्याकाळीच, बुटांचं बोल. दोन हंगाम झालेला बूट घोट्याशी मोडलेला असतो. हाताने वरचा भाग वाकवून बघ, कापडासारखा लवतो का? तसा लवत असेल तर प्रत्येक लँडिंगला घोटा आणि नडगी ते काम करतायत जे चामड्याने करायचं असतं. तुझा अर्धा क्वाड आणि कदाचित सगळी नडगी त्या बुटात अडकली आहे. बाबांना काही समजावू नकोस. बूट त्यांच्या हातात दे आणि वाकवायला सांग.